मॉडेल विमानाच्या मोटरवर घरची इलेक्ट्रिक सायकल: सगळा खेळ गती उतरवण्याचा

हौशी मॉडेल विमानांना लागणारी ६३७४ मापाची ब्रशलेस मोटर दोन मुठींत मावते. वजन एक किलोच्याही आत, आणि वारा लागता ठेवला तर काही वेळ दोन किलोवॅटच्या वर ताकद देते. सायकलला लागतात जेमतेम २५० वॅट. एवढं वाचून बरेच जण मोटर मागवतात, एखाद्या पट्टीवर बसवतात आणि आठवड्यात जाळतात. कारण ती ताकद मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर मिळते, तर २५ किमी वेगाने जाणाऱ्या सायकलचं २६ इंची चाक मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं. या दोन आकड्यांमधलं अंतर भरून काढणं हेच या कामाचं मर्म. मोटर, बॅटरी, कंट्रोलर विकत मिळतात. गती उतरवायची यंत्रणा मात्र करून घ्यावी लागते. त्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत, कारण शिवाजी उद्यमनगरात एका चकरेत लेथ, मिलिंग, की-वे (शाफ्टवर चावी बसवायची खाच) आणि वेल्डिंग अशी सगळी कामं होतात.

आधी कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) नुसार, ज्या बॅटरीवरच्या दुचाकीच्या मोटरची तीस मिनिटांची (अर्धा तास सलग देता येणारी) ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आहे, आणि हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून मंजूर केलं आहे, ती मोटार वाहनात मोडत नाही. पेडलला मदत करणाऱ्या सायकलची मोटर २५ किमीला किंवा पेडल थांबताच बंद पडली पाहिजे. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर लागतो. कंट्रोलरमध्ये आपण २५० वॅटची मर्यादा घालणार आहोत, पण नियम मोटरच्या ताकदीबद्दल बोलतो आणि ६३७४ ची मूळ ताकद त्याहून कितीतरी जास्त आहे. म्हणून चाचण्या खासगी जागेत किंवा मोकळ्या मैदानात घ्या, आणि सार्वजनिक रस्त्यावर नेण्याआधी आरटीओ कार्यालयात नीट विचारून घ्या. "सायकलच तर आहे" हे उत्तर अपघातानंतर उपयोगी पडत नाही.

मोटर निवडताना

६३७४ म्हणजे व्यास ६३ मिमी, लांबी ७४ मिमी. त्यापुढे केव्ही लिहिलेलं असतं. हे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मोटर रिकामी किती फेरे घेईल, तो हा आकडा. १९० केव्हीची मोटर ३६ व्होल्टवर ६,८४० फेरे घेते. केव्ही जितकं कमी, तितका दर अँपिअरला पीळ (टॉर्क) जास्त. हिशेब सोपा आहे: ९.५५ ला केव्हीने भागा. १९० केव्हीला उत्तर येतं ०.०५, म्हणजे दर अँपिअरला ०.०५ न्यूटन-मीटर. सायकलसाठी १५० ते १९० केव्हीची मोटर घ्या. त्याच्या वरचं केव्ही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, कारण गती आणखी उतरवावी लागेल आणि पुल्यांना जागा पुरणार नाही.

शाफ्ट ८ मिमीचा आहे की १० चा, त्यावर की-वे आहे का, आणि हॉल सेन्सर (मोटर कुठल्या स्थितीत थांबली आहे ते कंट्रोलरला सांगणारे) आहेत का, हे तीन प्रश्न विकत घेण्याआधी विचारा. निव्वळ विमानाच्या मोटरला सेन्सर नसतात, कारण पंख्याला थांबलेल्या अवस्थेतून ओझं ओढावं लागत नाही. सायकलला लागतं. सेन्सर नसलेली मोटर जागेवरून उठताना थरथरते, खडखडते. तीच घेतली असेल तर पेडलचे दोन फेरे मारून मगच थ्रॉटल द्यायची सवय लावा, काम निभतं. मिळत असेल तर सेन्सरवालीच घ्या. तिच्यात बहुधा तापमानाचा सेन्सरही असतो आणि त्याचं मोल पुढे कळेल.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: या मोटरचं बाहेरचं डबडंच फिरतं. आतली गुंडाळी स्थिर असते. म्हणजे पट्टी, वायर, पँटचा काठ किंवा बोट यांपैकी काहीही डबड्याजवळ येता कामा नये. चहूबाजूंनी किमान ३ मिमी मोकळी जागा आणि बाहेरून पत्र्याची जाळी हवीच.

टायरवर रोलर का नको

मोटरचं डबडंच टायरवर दाबून चाक फिरवायची पद्धत जगभर प्रसिद्ध आहे. बनवायला सोपी, एका दिवसात होते. कोल्हापुरात मात्र जून ते सप्टेंबर टायर ओलं असतं आणि ओल्या टायरवर रोलर घसरतो. हे झालं वरवरचं कारण. खरं कारण करंटमध्ये आहे. ६ टक्के चढावर ताशी १५ किमीने जाताना मोटरने ४१ न्यूटन जोर लावायचा असेल, तर १९० केव्हीच्या मोटरला रोलरवर सुमारे २६ अँपिअर लागतात. तोच जोर २६ पट गती उतरवून लावला तर साधारण साडेअकरा. गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे रोलरवर ती पाचपट होते. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या चढावर हाच फरक मोटर जगवतो किंवा मारतो.

२६ पट गती कशी उतरवायची

एका टप्प्यात जमत नाही, दोन करा. पहिला टप्पा दातेरी पट्ट्याचा, दुसरा सायकलच्या साध्या चेनचा. मोटरजवळ फेरे खूप असतात, तिथे चेन लावली तर कर्कश आवाज करते आणि लवकर झिजते. म्हणून तिथे पट्टा.

पहिला टप्पा: एचटीडी ५एम (दर ५ मिमीला एक दात असलेला) पट्टा, रुंदी १५ मिमी. मोटरवर १५ दातांची पुली, मधल्या शाफ्टवर ८० दातांची. ५.३३ पट. दोन्ही शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर १६० मिमी ठेवलं तर ५७५ मिमी लांबीचा पट्टा बसतो. ६०० चा मिळाला तर अंतर १७३ ठेवा. अंतर याहून कमी करू नका. लहान पुलीवर एका वेळी सहाच्या आसपास दात पट्ट्यात असायला हवेत. ते पाचवर आले की चढावर पट्टा दात सोडतो, टकटक आवाज येतो आणि काही दिवसांत दात सोलले जातात.

दुसरा टप्पा: मधल्या शाफ्टवर ९ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला ४४ दातांचं. ४.८९ पट. दोन्हींचा गुणाकार २६.

मोठं स्प्रॉकेट ३ मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) पत्र्यातून लेझरवर कापून घ्या. चेन साधी, अर्धा इंच पिच आणि एक-अष्टमांश रुंदीची. डिस्क ब्रेकचा हब असलेली सायकल असेल तर ४४ मिमी वर्तुळावरची सहा भोकं आयतीच मिळतात, एम५ बोल्टने स्प्रॉकेट तिथे बसतं. मागचा डिस्क ब्रेक मग जातो, त्याच्या जागी व्ही-ब्रेक लावावाच लागतो. ड्रॉइंग लेझरवाल्याला देण्याआधी १९० मिमी व्यासाचा पुठ्ठा कापून त्या जागी लावून चाक फिरवा. फ्रेमची मागची नळी पुठ्ठ्याला घासत असेल तर स्प्रॉकेटही घासणार. पत्रा वाया घालवण्यापेक्षा पुठ्ठा परवडतो.

मधला शाफ्ट १५ मिमीचा, ईएन८ पोलादातला. यूसीपी२०२ ची दोन बेअरिंग ब्लॉक त्याला थेट बसतात. जड असतात, पण शाफ्ट किंचित तिरका असला तरी सांभाळून घेतात, म्हणून पहिल्या प्रयत्नाला तीच बरी. वजन कमी करायचं तर ६२०२ बेअरिंगची घरं टर्नरकडून काढून घ्या. दोन बेअरिंगमध्ये ९० ते १०० मिमी अंतर ठेवा. हे सगळं फ्रेमच्या त्रिकोणात, ६ मिमी ॲल्युमिनियमच्या प्लेटवर बसवा. कॅरिअरवर बसवणं सोपं वाटतं, पण कॅरिअर लवतो, चेन तिरकी होते आणि उतरते. त्रिकोणात बसवताना डाव्या क्रँकचा दांडा चेनला लागत नाही ना, ते पूर्ण फेरा फिरवून बघा. किमान ५ मिमी जागा हवी.

आता एकेरी क्लच. तो नसेल तर मोटर बंद असताना पेडल मारताना तुम्ही २६ पट वेगाने मोटरही फिरवत राहता, आणि सायकल चिखलातून ओढल्यासारखी लागते. सीएसके१५ हे एकेरी बेअरिंग आतून १५, बाहेरून ३५ आणि रुंदीला ११ मिमी असतं, ८० दातांच्या पुलीत बसतं. आत-बाहेर दोन्हीकडे की-वे असलेला प्रकार मागा, नुसत्या दाबावर बसणारं घसरतं. बसवण्याआधी दिशा हाताने तपासा: पुली पुढे फिरली की शाफ्ट फिरला पाहिजे, शाफ्ट पुढे फिरला की पुली जागेवर राहिली पाहिजे. उलटं बसलं तर पुलरने काढताना ते बहुतेक वेळा खराब होतं. क्लच असल्यामुळे ब्रेक दाबून बॅटरी परत भरायची सोय या सायकलीत नाही. ती गमवावी लागते आणि त्यात मोठं नुकसान नाही.

टर्नरकडे जाताना

तोंडी सांगू नका, कागदावर मापं द्या. लहान पुलीचा बोअर मोटरच्या शाफ्टइतका, एच७ फिटमध्ये, ३ मिमीच्या चावीसह. मधल्या शाफ्टला ५ मिमीची चावी. "ग्रब स्क्रूवर भागेल" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. या मोटरचा पीळ झटक्यात येतो, ग्रब स्क्रू शाफ्टवर गोल चर पाडतो आणि मग पुली निघतही नाही आणि धरतही नाही. ग्रब स्क्रू फक्त पुली सरकू नये यासाठी, लोकटाइट २४३ लावून.

मोटर वर्कशॉपमध्ये उघडी नेऊ नका. आतले निओडिमिअम मॅग्नेट लेथखालचा लोखंडी किस दुरून ओढून घेतात, आणि डबडं व स्टेटर (आतला स्थिर भाग) यांच्यातली फट मिलिमीटरपेक्षा कमी असते. एकदा किस आत गेला की तो फुंकून निघत नाही. चिकटपट्टीने कणकण वेचावा लागतो. मोटर प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधा, फक्त शाफ्ट बाहेर ठेवा. शक्य असेल तर शाफ्टची मापं व्हर्निअरने घेऊन मोटर घरीच ठेवा.

कंट्रोलर

विमानाचा ईएससी (मॉडेल विमानांसाठीचा कंट्रोलर) वापरू नका. तो पंख्यासाठी बनलेला असतो: सुरुवातीला ओझं नाही आणि थंड करायला भरपूर वारा. त्यात मोटरचा करंट मोजून मर्यादेत ठेवायची सोय सहसा नसते. सायकल उभी असताना थ्रॉटल दिला की तो मिळेल तेवढा करंट ढकलतो आणि धूर येतो. इथे व्हीईएससी वापरा. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी बनवलेली ही खुली रचना आहे. मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरून तिच्यात प्रत्येक मर्यादा आकड्यात भरता येते.

मोटर जोडून पट्टा काढून ठेवा आणि सॉफ्टवेअरमधली मोटर ओळखण्याची प्रक्रिया चालवा. मोटर स्वतः किंचाळते, फिरते, थांबते. घाबरू नका. मग हे आकडे भरा:

मोटर करंट ४० अँपिअर. बॅटरी करंट ६ अँपिअर, म्हणजे पूर्ण भरलेल्या ४२ व्होल्टवरही २५२ वॅटच्या वर जात नाही. कमाल ईआरपीएम (मोटरचे फेरे गुणिले मॅग्नेटच्या जोड्या) ३७,०००. १४ मॅग्नेटच्या मोटरला ७ जोड्या असतात, २५ किमीला मोटर ५,३०० फेरे घेते, त्याला ७ ने गुणून हा आकडा येतो. तुमच्या मोटरचे मॅग्नेट मोजा, वेगळे असतील तर आकडा बदला. बॅटरी कटऑफ ३३ व्होल्टला सुरू आणि ३० ला पूर्ण. मोटरचं तापमान ७० अंशाला करंट कमी होऊ लागेल आणि ८० ला बंद होईल असं ठेवा, कारण साधे निओडिमिअम मॅग्नेट ८० अंशाच्या पुढे कायमचे दुबळे होऊ लागतात.

मोटर करंट आणि बॅटरी करंट यांत नवखे गोंधळतात. कंट्रोलर व्होल्टेज उतरवून करंट वाढवतो, म्हणून बॅटरीतून ६ अँपिअर निघत असताना मोटरमध्ये ४० असू शकतात. जागेवरून उठण्याचा जोर मोटर करंटवर ठरतो, चालत्या वेगातली ताकद बॅटरी करंटवर. वरच्या आकड्यांना उठताना चाकावर साधारण १४० न्यूटन जोर मिळतो, चढावर थांबून परत निघायला तो पुरेसा आहे. फिरण्याची दिशा उलटी आली तर मोटरच्या तीन जाड (फेज) वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. सेन्सरची मोटर असेल तर त्यानंतर ओळख प्रक्रिया पुन्हा चालवा.

थ्रॉटल ५ व्होल्टवरचा हॉल प्रकारचा मिळतो आणि पूर्ण दाबल्यावर ४.२ व्होल्ट देतो. व्हीईएससीची ती पिन ३.३ च्या वरचं सोसत नाही. मध्ये १० किलोओहम आणि पिनेपासून ग्राउंडला २० किलोओहम लावले की २.८ व्होल्ट होतात. हे दोन्ही रेझिस्टर कंट्रोलरच्या बाजूला जोडा. मग सिग्नलची वायर तुटली तर पिन शून्यावर येते, मोटर थांबते. थ्रॉटलची ग्राउंड वायर तुटली मात्र सिग्नल ५ व्होल्टकडे चढतो आणि मोटर पूर्ण जोराने सुटते. म्हणून ती वायर दुहेरी टाका आणि चाक उचलून एकेक वायर काढून काय होतं ते स्वतः बघा. ब्रेकच्या दोन्ही दांड्यांना कटऑफ स्विच हवेत. पेडल थांबल्यावर मोटर थांबावी यासाठी पेडल सेन्सर लावा, व्हीईएससीच्या नव्या फर्मवेअरमध्ये त्याचा पर्याय आहे.

बॅटरी: इथे घाई नको

१०एस४पी, म्हणजे १८६५० मापाचे ४० सेल: चार-चार समांतर जोडलेले दहा गट एकापुढे एक. २.५ अँपिअर-तासाचे सेल असतील तर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, ३६० वॅट-तास. जुन्या लॅपटॉपमधले सेल नकोत. त्यांतला एक दुबळा सेल सगळा पॅक खाली ओढतो. सगळे सेल एकाच लॉटचे घ्या, जोडण्याआधी प्रत्येकाचं व्होल्टेज मोजा आणि फरक ०.०५ व्होल्टच्या आत असेल तेच एकत्र घ्या.

सेलला कधीही सोल्डर करू नका, स्पॉट वेल्डिंगच करा. निकेल पट्टी ०.१५ × ८ मिमी, शुद्ध निकेलची. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही त्याच नावाने मिळते. ओळखायला पट्टी कानसने खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. गंज आला तर ती लोखंडी. प्रत्येक सेलच्या धन टोकावर बार्ली पेपरची चकती चिकटवा, नाहीतर सेलच्या काठावरचं पातळ आवरण घासून धन-ऋण जुळतात. मधोमध वर्तमानपत्र कोंबू नका, सेल होल्डर वापरा. १०एसचा, २० अँपिअरचा, बॅलन्सिंगवाला बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर वीज तोडणारं सर्किट), आणि पॅकपासून निघणाऱ्या धन वायरवर १५ अँपिअरचा डीसी फ्यूज. कंट्रोलर जोडताना ठिणगी पडते, त्यासाठी एक्सटी९०-एस कनेक्टर.

चार्जर ४२ व्होल्ट, २ अँपिअर. रिकामा पॅक भरायला साडेपाच-सहा तास. घरात माणसं झोपलेली असताना, जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका. लिथियमची आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. महिनाभर सायकल वापरणार नसाल तर पॅक सेलमागे ३.७ ते ३.८ व्होल्टवर ठेवा.

सपाट रस्त्यावर पेडलसह ताशी २० किमीने किलोमीटरला ११-१२ वॅट-तास जातात. म्हणजे २५ किमी नक्की. कोल्हापूरपासून पन्हाळा साधारण २० किमी, चढ सुमारे ४०० मीटर. नेटाने पेडल मारलं तर वर पोहोचता, उतरताना काही खर्च नाही, पण खालून शहरापर्यंत परतायला चार्ज पुरत नाही. तो बेत असेल तर चार्जर सोबत घ्या किंवा ६पी पॅक करा.

जुळवणी आणि पहिली फेरी

क्रम असा ठेवा: आधी चेन आणि मोठं स्प्रॉकेट, मग मधला शाफ्ट, शेवटी मोटर. स्प्रॉकेट फिरवून बाजूला किती हलतं ते बघा. १ मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर वॉशर घालून सरळ करा. ९ आणि ४४ दातांची स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी टेकवून तपासा. चेनला १०-१२ मिमी ढिलाई, पट्टा मधोमध बोटाने दाबल्यावर २-३ मिमी लवावा. जास्त ताणलेला पट्टा मोटरचं पुढचं बेअरिंग खातो, आणि हे दोन-तीन महिन्यांनी आवाज येऊ लागल्यावरच कळतं.

चाक उचलून पाच मिनिटं हलक्या थ्रॉटलवर चालवा. मग मैदानात, ब्रेक तपासून, हेल्मेट घालून. पहिल्या दोन किलोमीटरनंतर थांबा आणि हात लावून बघा: मोटर कोमट असावी, कंट्रोलर कोमट, बॅटरी थंड. एखादा कनेक्टर गरम लागला तर तिथलं सोल्डर कच्चं आहे, परत करा. पहिल्या ५० किमीत सगळे नट दोनदा आवळा. नायलॉक नट वापरले असतील तरीही, कारण नवीन प्लेट बसायला वेळ घेते.

मोटर गरम होते पण जोर नाही, असं असेल तर ओळख प्रक्रिया चुकली आहे किंवा एक फेज वायर सैल आहे. जोर आहे पण मध्येच झटके येतात, तर सेन्सरची वायर फेज वायरींना चिकटून गेली आहे, वेगळी काढा. चढावर अचानक सगळं बंद पडून स्विच बंद-चालू केल्यावर परत सुरू होतं, तर बीएमएसने एखाद्या सेलमुळे तोडलं आहे, प्रत्येक गटाचं व्होल्टेज मोजा.

पावसाळा

कंट्रोलर बंद डब्यात ठेवा, पण त्याची उष्णता बाहेर जायला डब्याची एक बाजू ॲल्युमिनियमची असू द्या. प्रत्येक वायर डब्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं. उघडी मोटर पावसाने लगेच मरत नाही, पण बेअरिंग आणि मॅग्नेट गंजतात. भिजून आल्यावर मोटर मिनिटभर रिकामी फिरवा आणि बेअरिंगवर तेलाचा थेंब सोडा. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं असेल तेव्हा मात्र सायकल बाहेर काढूच नका. हबच्या वर पाणी गेलं की खाली बसवलेला पॅकही पाण्यात असतो. आणि ऊस हंगामात, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात तेव्हा, मागचा लाल रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला नाही ना, हे निघण्याआधी रोज पुसून बघा.